विश्लेषण : शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या मान-पाठीची काळजी कोण घेणार? बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नव्या महाविद्यालयाबरोबर नवी यंत्रसामग्री येते, नवे डॉक्टर घडू लागतात आणि शस्त्रक्रियांची संख्याही वाढते. मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न यात सहसा कुणी विचारत नाही. तासन् तास मान वाकवून, हात उचलून, एका पायावर भार देऊन उभे राहणाऱ्या शल्यचिकित्सकांमध्ये मान, खांदे व कमरेचे विकार मोठ्या प्रमाणात आढळतात. यावरचे बरेचसे उपाय स्वस्त आहेत. ते खरेदीच्या निविदेत आणि शिक्षणात आताच आले, तर त्याचा लाभ पुढची अनेक वर्षे मिळेल.

हा विषय आताच चर्चेत येण्याची गरज का?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. त्यात बुलढाणा आणि शेजारच्या वाशीम, जालना व अमरावती या जिल्ह्यांचा समावेश होता. बुलढाण्याच्या महाविद्यालयाची प्रवेशक्षमता १०० आहे. पहिली तुकडी साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर्षभराची आंतरवासिता संपवून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल.

त्याआधी, १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ राज्यातील सर्व कुटुंबांना खुला झाला आणि विमा संरक्षण वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले. पैशाअभावी रखडणाऱ्या शस्त्रक्रिया त्यामुळे होऊ शकतात. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण शस्त्रक्रिया वाढल्या तरी त्या करणारे हात त्याच वेगाने वाढत नाहीत. आहेत त्या हातांवरचा भार वाढतो.

अर्गोनॉमिक्स म्हणजे नेमके काय?

माणसाने कामाच्या जागेशी जुळवून घेण्याऐवजी कामाची जागा आणि साधने माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचे हे शास्त्र आहे. स्वयंपाकघराचा ओटा घरातल्या बाईच्या उंचीपेक्षा खाली असला की पाठ दुखते आणि उंच असला की खांदे भरून येतात, हे घराघरांत माहीत असते. शिलाई यंत्र, बँकेचे काउंटर, ट्रॅक्टरची सीट यांनाही हाच नियम लागू पडतो. शस्त्रक्रियागृहही त्याला अपवाद नाही.

फरक इतकाच, की शस्त्रक्रियागृहाची मांडणी पूर्वीपासून रुग्ण आणि निर्जंतुकीकरण यांना केंद्रस्थानी ठेवून झाली. ते योग्यच आहे. पण टेबलाभोवती उभ्या असलेल्या चार-पाच जणांच्या शरीराचा विचार त्यात मागे पडला.

शस्त्रक्रियेत शरीरावर ताण कसा येतो?

कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते, पण ती चालते, हात हलवते, मध्येच कंबर सरळ करते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला तेवढीही मोकळीक नसते. त्याचे स्नायू हालचालीविना ताणलेले राहतात. अशा स्थितीत स्नायूंमधील रक्तप्रवाह कमी होतो आणि ते लवकर थकतात.

त्यात मानेचा वाटा मोठा. प्रौढ माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ते सरळ असेपर्यंत मणके हा भार सहज पेलतात. डोके पुढे झुकले, की तोच भार वाढू लागतो. एका अभ्यासातील गणितानुसार मान ३० अंशांत वाकली तर मणक्यांवर सुमारे १८ किलोचा आणि ६० अंशांत वाकली तर सुमारे २७ किलोचा ताण येतो. खोल जखमेत पाहताना, नाक-कान-घसा किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया करताना मान अशी बराच वेळ राहते. कपाळावर दिवा किंवा डोळ्यांवर भिंगाचा चष्मा असेल तर त्याचे वजन वेगळे.

अस्थिरोग विभागात आणखी एक ओझे असते. हाड जुळवताना क्ष-किरण यंत्र वापरावे लागते आणि किरणोत्सर्गापासून बचावासाठी शिशाचा अॅप्रन घालावा लागतो. तो काही किलोंचा असतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि सिंदखेड राजा परिसरातून जातो. अपघातातील मोडलेली हाडे जोडण्याचे काम ज्या रुग्णालयांत चालते, तेथे हा अॅप्रन रोजचाच.

हा त्रास केवळ डॉक्टरांचा नाही. जखम उघडी धरून ठेवणारा साहाय्यक, रुग्णाचा पाय उचलून धरणारा वॉर्डबॉय, सकाळपासून उभ्या असलेल्या परिचारिका या सगळ्यांना तो होतो. किंबहुना साहाय्यकाला जागा निवडण्याची मुभा नसल्याने त्याची स्थिती अनेकदा अधिक अवघडलेली असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने त्रास कमी झाला की वाढला?

रुग्णाचा त्रास निश्चितच कमी झाला. डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. हे तंत्र विकसनशील देशांत आणि लहान गावांतही रुजू शकते, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. आज तालुक्याच्या गावीही दुर्बिणीने पित्ताशय व अपेंडिक्स काढले जाते, हे त्या आग्रहाचे फळ आहे. पोटावर वीतभर चिरेऐवजी तीन-चार छिद्रे पडतात आणि रुग्ण लवकर घरी जातो.

शल्यचिकित्सकाच्या शरीराला मात्र या बदलाची किंमत मोजावी लागली. लांब दांड्याचे हत्यार पोटाच्या छिद्रात टेकलेले असते. त्यामुळे आतले टोक डावीकडे न्यायचे तर हात उजवीकडे न्यावा लागतो. हत्याराची लांबी आणि वायूने फुगवलेले पोट यामुळे हात नेहमीपेक्षा वर उचलले जातात, कोपरे बाहेर येतात, मनगट वळते. नजर हातांवर नसून पडद्यावर असते आणि पडदा बाजूला किंवा फार वर असला तर मान तासभर तशीच वळलेली राहते. एक पाय यंत्राच्या पेडलवर असल्याने शरीराचा भार दुसऱ्या पायावर जातो.

उघड्या शस्त्रक्रियेसाठी योग्य असलेले टेबल येथे उंच पडते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी टेबल जमिनीपासून साधारण ६४ ते ७७ सेंटिमीटरपर्यंत खाली यावे, असे अभ्यास सांगतात. सगळीच टेबले इतकी खाली जात नाहीत. मग डॉक्टर खांदे उचलून काम करत राहतो.

या विकारांचे प्रमाण किती आहे?

‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात २०१८ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ५,८२८ डॉक्टरांच्या माहितीवर तो आधारलेला होता. शल्यचिकित्सक आणि तत्सम काम करणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना मानेच्या मणक्यांची झीज, १८ टक्क्यांना खांद्याच्या स्नायूबंधाचा विकार, १९ टक्क्यांना कमरेच्या मणक्यांची झीज आणि ९ टक्क्यांना मनगटातील नस दबण्याचा त्रास असल्याचे त्यात आढळले. ज्यांना असे विकार होते, त्यातील १२ टक्क्यांना रजा घ्यावी लागली, काम बदलावे वा कमी करावे लागले किंवा वेळेआधी निवृत्त व्हावे लागले.

त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करणाऱ्या ३१७ शल्यचिकित्सकांचे सर्वेक्षण झाले होते. त्यातील सुमारे ८७ टक्क्यांनी शारीरिक त्रासाची तक्रार केली. सर्वेक्षणाला त्रास असलेलेच अधिक उत्साहाने उत्तर देतात, ही शक्यता धरूनही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय हे आकडे बहुतांशी सुसज्ज शस्त्रक्रियागृहांमधील आहेत. हलणारी टेबले आणि छतावरून लोंबकळणारे पडदे असूनही ही स्थिती असेल, तर ते नसलेल्या ठिकाणी काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात प्रश्न अधिक गंभीर का?

कारण येथे एका शल्यचिकित्सकाची जागा घेणारा दुसरा सहज मिळत नाही. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. घाटावरच्या लोणारपासून घाटाखालच्या संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये हाच अनेकांचा आधार आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत ८३ टक्के शल्यचिकित्सक कमी आहेत.

मुंबई-पुण्यातील मोठ्या रुग्णालयात एका डॉक्टरची पाठ धरली तर दुसरा यादी पुढे चालवतो. तालुक्याच्या गावी तीच वेळ आली तर हर्निया किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, अथवा रुग्णाला अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवावे लागते. म्हणजे दुखते डॉक्टरचे, पण गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि वाढलेला आजार रुग्णाच्या वाट्याला येतो. म्हणूनच ही बाब डॉक्टरच्या खासगी तब्येतीची न राहता सार्वजनिक आरोग्याची होते.

शिबिरांचा यात काय संबंध?

ग्रामीण भागात कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया अनेक वर्षे शिबिरांतून झाल्या. कॅमेरा आणि पडदा नसेल तर डॉक्टर दुर्बिणीच्या नळीला थेट डोळा लावून, कमरेत वाकून, एकामागून एक शस्त्रक्रिया करतो. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ महिलांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि नंतर १३ महिलांचा मृत्यू झाला. मृत्यूंच्या नेमक्या कारणांबाबत वाद झाले, पण एवढ्या वेगाने काम करणे चुकीचे होते याबद्दल दुमत नव्हते. केंद्राच्या निकषांनुसार एका शल्यचिकित्सकाने दिवसाला ३० हून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया करू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात १४ सप्टेंबर २०१६ रोजी शिबिरांची पद्धतच टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले.

ही मर्यादा रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे. पण तिच्यामागे एक साधी कबुलीही आहे, की शल्यचिकित्सक माणूस आहे आणि त्याच्या शरीराला सीमा आहे. एका शस्त्रक्रियेपुरती मान्य केलेली ही गोष्ट बाकीच्या शस्त्रक्रियागृहात का विसरली जाते, हा प्रश्न आहे.

महिला शल्यचिकित्सकांना त्रास अधिक का?

वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या वाढली आहे. स्त्रीरोग विभागाचा भार तर बहुतांशी महिला डॉक्टरच उचलतात. हत्यारांच्या मुठी मात्र मोठ्या पंजाला धरून बनवलेल्या असतात. अमेरिकेत ७२६ शल्यचिकित्सकांच्या सर्वेक्षणात साडेसहा किंवा त्याहून लहान मापाचे हातमोजे वापरणाऱ्यांना दुर्बिणीची हत्यारे, विशेषतः स्टेपलर, हाताळणे अधिक अवघड जात असल्याचे दिसले. उंचीचेही तेच. पाच फूट उंचीच्या डॉक्टरसमोर उंच टेबल आले, की खांदे दिवसभर वर राहतात. रुग्णालयाच्या भांडारात सगळ्या मापांचे हातमोजे ठेवले जातात. मग हत्यारांच्या मुठी एकाच मापाच्या का, असा विचार खरेदी करताना व्हायला हवा.

उपाय खर्चिक आहेत का?

रोबोटिक यंत्रावर डॉक्टर बसून काम करतो, त्यामुळे हा त्रास कमी होतो असे सांगितले जाते. ते यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण पहिल्या काही सुधारणांना फारसा पैसाच लागत नाही.

टेबलाची उंची अशी ठेवायची, की हत्याराची मूठ कोपराच्या पातळीवर किंवा किंचित खाली येईल आणि कोपर ९० ते १२० अंशांत राहील. चमूतील उंच व्यक्तीला धरून टेबल लावायचे आणि कमी उंचीच्या व्यक्तीने चौरंगावर उभे राहायचे. हा चौरंग रुंद आणि न घसरणारा हवा, पेडलही त्यावरच मावायला हवे. असा चौरंग खामगाव किंवा चिखलीचा वेल्डिंगवालाही बनवून देऊ शकतो. पडदा डॉक्टरच्या अगदी समोर आणि नजरेच्या रेषेपेक्षा थोडा खाली असावा. तो कपाटाच्या वर ठेवला की मान मागे पडते. साहाय्यकासाठी समोरच्या बाजूला दुसरा पडदा असणे उत्तम.

अस्थिरोग विभागासाठी एकसंध अॅप्रनऐवजी वरचा भाग आणि कमरेला बांधायचा भाग वेगळा असलेला अॅप्रन घेतला, तर निम्मा भार खांद्यांवरून कमरेवर येतो. पायाखाली मऊ चटई, पायात आधार देणारी पादत्राणे, हाताशी येणारे पेडल अशा गोष्टी किरकोळ वाटतात. पण रोज पाच-सहा तास आणि तीस वर्षे, असा हिशेब केला की त्या किरकोळ राहत नाहीत.

मध्येच थांबल्यास शस्त्रक्रिया लांबत नाही का?

बहुतेक डॉक्टरांच्या मनातील पहिली शंका हीच असते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे मुलांवरील ५१ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमध्ये याची तपासणी झाली. एका गटात दर अर्ध्या तासाने पोटातील वायू सोडून पाच मिनिटे विश्रांती घेतली गेली, दुसऱ्या गटात सलग काम झाले. विश्रांती घेऊनही एकूण वेळ वाढला नाही आणि शल्यचिकित्सकांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके कमी आढळली. अमेरिकेतील २०१७ च्या अभ्यासात ६६ शल्यचिकित्सकांनी दर २० ते ४० मिनिटांनी दीड-दोन मिनिटे निर्जंतुक पोशाखातच मान, खांदे व कमर ताणण्याचे व्यायाम केले. तेथेही शस्त्रक्रियेचा वेळ वाढला नाही आणि निम्म्याहून अधिक जणांनी शारीरिक कामगिरी सुधारल्याचे सांगितले.

रक्तस्राव सुरू असताना अर्थातच कुणी थांबणार नाही. पण प्रत्येक शस्त्रक्रियेत काही सुरक्षित टप्पे येतात. भूलतज्ज्ञ किंवा परिचारिकेने तेव्हा वेळेची आठवण करून द्यायची, एवढीच व्यवस्था लागते.

कायदा या त्रासाकडे कसा पाहतो?

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या २९ व्यावसायिक रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा यांचा त्यात समावेश होता. कामामुळे होणारे मान-पाठीचे विकार त्यात नव्हते. व्यावसायिक आजार म्हणजे धूळ, वायू आणि रसायने, ही समजूत त्यातून घट्ट झाली. रुग्णालयांत सुईची टोचणी व किरणोत्सर्ग यांची नोंद ठेवण्याची सवय लागली, ती गरज ओळखल्यामुळेच. मान-पाठीबाबत ती ओळख अजून व्हायची आहे.

हे डॉक्टरांचे लाड आहेत का?

जिथे औषधे आणि खाटा अपुऱ्या पडतात, तिथे डॉक्टरच्या पाठीची चर्चा अनेकांना चैन वाटेल. खुद्द डॉक्टरांमध्येही त्रास सांगणे म्हणजे कमकुवतपणा, अशी भावना असते. वरिष्ठ सहा तास उभे राहिले म्हणून कनिष्ठही उभा राहतो आणि चुकीची उभे राहण्याची पद्धत गुरूकडून शिष्याकडे तशीच जाते.

शल्यचिकित्सकाच्या दुखण्यामुळे अमुक रुग्णाला इजा झाली, असे बोट दाखवून सिद्ध करणे कठीण आहे आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. एक तज्ज्ञ घडवायला दहा-बारा वर्षे लागतात. त्याने पंचेचाळिशीत शस्त्रक्रिया कमी केल्या, तर समाजाने केलेली ती गुंतवणूक अर्ध्यावर थांबते. रुग्णवाहिकेची देखभाल करणे हा चालकाचा लाड नसतो, तसेच हे आहे. अर्थात, चांगले टेबल हा रिक्त पदांवरचा उतारा नाही. दोघांचे काम एकटा करत असेल तर कोणताही चौरंग त्याला वाचवू शकणार नाही. पदे भरण्याची मागणी कायम ठेवूनच ही सुधारणा व्हायला हवी.

आता काय करता येईल?

पहिली संधी खरेदीची आहे. शस्त्रक्रियेचे टेबल एकदा आले की वर्षानुवर्षे बदलत नाही. म्हणून निविदेच्या अटींतच टेबल किती खाली जाते, पडदा हलवता येतो का, मुठींची मापे कोणती, अॅप्रन दोन भागांचा आहे का, हे लिहिले गेले पाहिजे. खरेदी समितीत रोज टेबलाशी उभे राहणारे डॉक्टर आणि परिचारिका हवेत.

दुसरी संधी शिक्षणाची. हात धुण्याची पद्धत जशी पहिल्या दिवशी शिकवली जाते, तशीच उभे राहण्याची पद्धतही शिकवता येईल. बुलढाण्याच्या महाविद्यालयात अजून जुन्या सवयी रुजलेल्या नाहीत, हा त्याचा फायदाच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे नाव, बाजू आणि हत्यारे तपासली जातात. त्याच यादीत टेबलाची उंची, पडद्याची जागा आणि पेडल या तीन गोष्टी जोडायला अर्धा मिनिट पुरेल.

तिसरे काम नोंदीचे. शस्त्रक्रियागृहातील सर्व कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा मान, खांदे, मनगट आणि कमरेची तपासणी करून ती नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात राहिली, तर प्रश्नाचे खरे स्वरूप कळेल. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे जून २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य राज्यमंत्रीपद आले. आपल्याच जिल्ह्यातून अशी सुरुवात करून तो नमुना देशापुढे ठेवणे त्यांना अवघड नाही. नव्या महाविद्यालयाच्या यशाचे मोजमाप किती शस्त्रक्रिया झाल्या यावर होईलच. त्या करणारे डॉक्टर आणि परिचारिका वीस वर्षांनंतरही त्याच टेबलाशी ताठ उभे राहू शकतात का, हेही त्यात मोजले गेले पाहिजे.